किनाऱ्यावरचे संशोधन आणि गावची सभा

१. दोन परीक्षक

विद्यार्थ्याने केलेले जीवशास्त्रीय संशोधन दोन प्रकारच्या श्रोत्यांपुढे जाते. एक परीक्षक, दुसरे लोक. परीक्षक पद्धत तपासतात: नमुने किती घेतले, मोजमाप कशाने केले, आकड्यांना कोणती कसोटी लावली. लोक निरीक्षण तपासतात: जे पाहिले म्हणून सांगितले जाते ते त्या जागी, त्या दिवसांत, तसे असते का. पेशी, जिवाणू किंवा विकर हा विषय असला तर लोकांना ही तपासणी करता येत नाही. ते ऐकून घेतात आणि टाळ्या वाजवतात. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर विद्यार्थ्यांचे विषय बहुधा बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ली (खेकडा), कांदळ, कासव असे असतात आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांची चूल त्यांवर पेटते. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराने, आयुष्यात जितके बांगडे हाताळलेले असतात, तितके विद्यार्थ्याने मोजलेले असणे शक्य नाही.

म्हणून येथे सर्वसाधारण श्रोता याचा अर्थ अजाण श्रोता असा घेता येत नाही. त्याला विद्यापीठाची परिभाषा ठाऊक नसते, पण जीव ठाऊक असतो. विद्यार्थ्याला परिभाषा आणि मोजण्याची रीत ठाऊक असते, पण त्याचा किनाऱ्याशी संबंध अनेकदा एका हंगामापुरता असतो. अशा दोघांमध्ये मांडणीचे एकच सूत्र उपयोगी पडते: काम श्रोत्याला तपासता येईल अशा रूपात त्याच्यापुढे ठेवायचे. प्रश्न कसा मांडावा, नावे कोणती वापरावीत, आकडे कसे दाखवावेत आणि कोठे थांबावे, या सगळ्याचा निर्णय या सूत्रावरून होतो.

२. संशोधन कोठे मांडले जाते

मराठीत शास्त्रीय विषय सामान्य वाचकापुढे ठेवण्याच्या परंपरेचा एक आरंभ याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. १८३२ साली त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यातून भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय मराठी वाचकांना दिले. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने हेच काम संस्थेच्या रूपाने पुढे नेले.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संशोधनाला व्यासपीठ त्या मानाने उशिरा मिळाले. १९९३ पासून देशभर भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन केलेला प्रकल्प मागते, आणि तो स्वतःच्या भाषेत मांडण्याची मुभा देते. महाविद्यालयीन पातळीवर महाराष्ट्रात २००६ पासून ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा होते; तीत भित्तिपत्रक आणि तोंडी सादरीकरण असे दोन टप्पे असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी संबंधित काम यांना श्रेयांक मिळू लागले, त्यामुळे असे प्रकल्प करणाऱ्यांची संख्याही वाढली.

या सर्व ठिकाणी ऐकणारे परीक्षक असतात आणि वेळ ठरलेला असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेली ‘तीन मिनिटांत प्रबंध’ ही स्पर्धा याच प्रकारातली: एकच स्थिर चित्र, तीन मिनिटे, आणि सर्वांना कळेल अशी भाषा. अशा स्पर्धा नेमकेपणा शिकवतात, पण त्यात श्रोत्याला विचारायला फारसा अवकाश नसतो. गावच्या सभेत प्रमाण उलटे असते. ग्रामपंचायतीचे सभागृह, देवळाचा सभामंडप, मच्छीमार सहकारी संस्थेचे कार्यालय किंवा रापण ओढून झाल्यावरची वाळू येथे बोलणे दहा मिनिटांचे आणि विचारणे तासाभराचे होऊ शकते. स्पर्धेसाठी तयार केलेली मांडणी तशीच्या तशी तेथे नेली की ती फसते, कारण तिची सगळी तयारी बोलण्याची असते, उत्तर देण्याची नसते.

३. प्रश्नापासून सुरुवात

प्रबंधाचा क्रम प्रस्तावना, पूर्वसंशोधन, पद्धती, निष्कर्ष असा असतो. लोकांपुढे हा क्रम चालत नाही, कारण श्रोत्याला पहिल्या दोन वाक्यांत कळावे लागते की विचारले काय होते. प्रश्न शक्यतो असा हवा की ज्यावर श्रोत्याचे स्वतःचे मत आधीच आहे.

कोकणात सर्वत्र रूढ असलेला एक समज घेता येईल: अमावास्येच्या सुमारास कुर्ल्या भरलेल्या असतात, पौर्णिमेला पोकळ. बाजारात कुर्ली उचलून वजन अजमावणारा प्रत्येक जण यावर बोलू शकतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने कुर्ली पोकळ लागण्याचे एक कारण माहीत आहे. कवचधारी प्राणी वाढताना कात टाकतो. जुने कवच टाकल्यावर तो अंगात पाणी घेऊन फुगतो, नवे कवच त्या मापाने कडक होते आणि आतले मांस मागाहून भरते. म्हणजे नुकतीच कात टाकलेली कुर्ली आकाराने मोठी, पण मांसाने हलकी असते. कात टाकणे चंद्राच्या कलेशी बांधलेले आहे का, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. एकाच खाडीतल्या, पाठीच्या कवचाची रुंदी सारखी असलेल्या कुर्ल्या घ्यायच्या, नर-मादी वेगळे ठेवायचे, कवच कडक की मऊ ते नोंदवायचे, आणि निदान दोन-तीन चांद्रमास वजन करत राहायचे.

असा प्रकल्प मांडताना सुरुवातीलाच सभेला विचारता येते की फरक किती पडत असेल. उत्तरे फळ्यावर लिहून ठेवली की श्रोता पुढचे आकडे स्वतःच्या अंदाजाशी ताडून पाहतो. समज खरा ठरला किंवा खोटा ठरला, तरी तो कशाने ठरला हे त्याच्या लक्षात राहते. समजाला अंधश्रद्धा म्हणून आरंभ करणारी मांडणी मात्र तेथेच संपते. मोजणी होण्यापूर्वी तो समजही एक गृहीतकच असतो, आणि ते मांडणाऱ्यांची संख्या विद्यार्थ्यापेक्षा मोठी असते.

४. नावे, तिथी आणि मापे

दुसरी अडचण नावांची. बाजारात जी सुरमई, ती मालवणात इसवण. पापलेट म्हणजे सरंगो. कोळंबी म्हणजे सुंगटां. समुद्रात दिसणाऱ्या डॉल्फिनला कोळी गादा म्हणतात आणि पाणमांजराला हूद. पुस्तकात ‘खारफुटी’ हा एकच शब्द असतो, तर खाडीकाठच्या माणसाला तिवर, कांदळ आणि चिपी ही तीन वेगळी झाडे दिसतात. शास्त्रातही ती ॲव्हिसेनिया, रायझोफोरा आणि सोनरेशिया अशी वेगळी आहेत. येथे गावचे नाव पुस्तकी मराठी नावापेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ जाते. उलटही घडते: ‘मोरी’ या एका नावाखाली लहान शार्कच्या अनेक जाती येतात. म्हणून नावांची जोडणी मांडणीच्या आधी करून ठेवावी लागते. गावचे नाव बोलण्यात, शास्त्रीय नाव भित्तिपत्रकावर, आणि एक नाव अनेक जातींचे असेल तर ते स्पष्ट सांगून.

शास्त्रीय नाव लोकांना परके वाटते हेही नेहमीच खरे नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानाच्या कुंडात सापडलेल्या माशाचे २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नामकरण झाले आणि पुढच्या वर्षी त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. नावाचा दुसरा शब्द ऐकताच आंबोलीच्या माणसाला तो मासा कोठला ते कळते.

काळाचेही तसेच. विद्यार्थ्याच्या वहीत तारीख असते, मच्छीमाराच्या डोक्यात तिथी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि किनाऱ्यावर ती तिथीच्या पाऊणपटीने काढण्याची जुनी रीत आहे. उधाणाच्या ओहोटीला उघडी पडणारी वाळू भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतल्या, ओहोटीला पाण्याखालीच राहते. त्यामुळे ‘१२ फेब्रुवारीला नमुने घेतले’ हे वाक्य श्रोत्याला काही सांगत नाही. त्या दिवशीची तिथी आणि भरती-ओहोटीची स्थिती सांगितली की कोणत्या पट्ट्यातले नमुने असतील हे तो स्वतःच ताडतो, आणि चूक असेल तर तीही दाखवतो. नोंदवहीत तारखेशेजारी तिथीचा रकाना ठेवणे यासाठीच उपयोगाचे.

मोजमाप कोठून कोठे केले हेही दाखवावे लागते. माशाची लांबी तीन प्रकारे मोजतात: शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या खाचेपर्यंत, किंवा शेपटी जेथे सुरू होते तेथपर्यंत. एकाच बांगड्याचे तीन वेगळे आकडे निघतात. राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिल्यापासून असा प्रश्न लिलावाच्या जागीही निघू शकतो, तेव्हा प्रत्यक्ष मासा फळीवर ठेवून मोजणे हे कोणत्याही आकृतीपेक्षा चांगले.

५. आकडे दाखवण्याची रीत

विद्यार्थ्यांच्या मांडणीत सर्वांत आधी हरवतो तो आकड्यांचा अर्थ. सरासरी सांगून मोकळे होण्याची सवय त्याला कारण आहे. समजा, खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर अर्ध्या मीटरच्या दहा चौकटी टाकून तिसऱ्या मोजल्या आणि आकडे आले ०, ०, १, २, ४, ५, ९, १४, २३, ३२. सरासरी नऊ. ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बाईला ‘चौकटीमागे नऊ’ हे पटणार नाही, कारण दहापैकी सहा ठिकाणी तिला त्याहून कमी मिळतील आणि दोन ठिकाणी टोपली भरेल. तिसऱ्या पुंजक्यांनी असतात हे तिला ठाऊक आहे. सरासरीने नेमके तेच झाकले. दहा चौकटी काढून त्यात तितके ठिपके दाखवले तर तेच आकडे बोलू लागतात, आणि चौकटी कोठे टाकल्या हा योग्य प्रश्न श्रोत्यांकडूनच येतो.

काही रीती करून दाखवाव्या लागतात. खाडीत कुर्ल्या किती असाव्यात याचा अंदाज खुणा करून पुन्हा पकडण्याच्या पद्धतीने काढतात. सभेत यासाठी काजूच्या बिया पुरतात. एका पोत्यात अंदाज नसलेल्या संख्येने बिया घ्यायच्या, त्यातल्या ५० काढून चुन्याने खूण करून परत टाकायच्या आणि पोते हलवायचे. मग डोळे मिटून ४० काढायच्या. त्यात खुणेच्या १० आल्या, तर खूण केलेल्या बिया पोत्याच्या सुमारे चौथ्या हिश्शाने आहेत, म्हणून पोत्यात साधारण २०० असाव्यात. नंतर सगळ्या मोजून दाखवता येतात. अंदाज आणि खरी संख्या यांत पडलेला फरक लपवायचा नसतो, कारण पद्धत किती भरवशाची आहे याचे उत्तर त्या फरकातच असते.

या प्रयोगाचा खरा लाभ त्यानंतरच्या आक्षेपांत आहे. बिया पोत्यातून बाहेर जात नाहीत, कुर्ल्या भरतीबरोबर ये-जा करतात. बियांवरची खूण टिकते, कुर्ली कात टाकते तेव्हा पाठीवरची खूण कवचाबरोबर जाते. एकदा सापळ्यात सापडलेली कुर्ली दुसऱ्यांदा त्याच्याकडे फिरकेलच असे नाही. पद्धतीच्या पुस्तकात जी गृहीतके म्हणून छापलेली असतात, ती कुर्ल्या धरणारा माणूस अनुभवाने सांगतो. विद्यार्थ्याने ती लिहून घ्यावीत. अहवालातल्या मर्यादांच्या प्रकरणाला त्याहून चांगला मजकूर मिळत नाही.

लांबी आणि वजन यांचे नाते हा मत्स्यजीवशास्त्रातला नेहमीचा विद्यार्थी-प्रकल्प. निष्कर्ष सूत्राच्या रूपात येतो: वजन हे लांबीच्या साधारण तिसऱ्या घाताप्रमाणे वाढते. सूत्र लिहून सभेला काही मिळत नाही. पण १० सेंटिमीटरचा आणि २० सेंटिमीटरचा असे दोन बांगडे तराजूत ठेवले, एका पारड्यात मोठा एक आणि दुसऱ्यात लहान एकेक करत वाढवत नेले, तर काटा सुमारे आठव्या माशाला बरोबरीत येतो. लांबी दुप्पट, वजन आठपट. घाताचा अर्थ यात पुरता आला. येथेच घाई करणारी मांडणी पुढचे पाऊल टाकते आणि लहान मासा सोडला तर उत्पन्न आठपट होईल असे सांगते. ते खरे नाही: सोडलेले सगळेच मासे मोठे होईपर्यंत जगत नाहीत, आणि जगलेला मासा त्याच जाळ्यात परत येईलच असेही नाही. तराजू वाढीबद्दल बोलतो, जगण्याबद्दल बोलत नाही.

६. दावा कोठे थांबतो

लोकांपुढे बोलताना दावा फुगण्याची भीती मोठी असते, कारण श्रोत्यांना आवडणारी गोष्ट पुराव्यापेक्षा लवकर पसरते. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला ही जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाणारी कथा याचे उदाहरण आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले आणि अनेक ठिकाणांहून त्याचा अभ्यास झाला हे खरे. हेलियमचा शोध ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते नॉर्मन लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडात होते. सूर्यतेजाच्या वर्णपटाचे त्यांचे निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले आणि तेथलेच. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणे एकमेकांत मिसळली आणि गावाच्या वाट्याला आलेला खरा मान मागे पडून न आलेला मान पुढे आला.

विद्यार्थ्याच्या प्रकल्पात हीच चूक लहान प्रमाणात होते. सागरी कासवांचे उदाहरण स्पष्ट आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत साधारण शंभर अंडी घालते, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, आणि पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. ऊब जास्त असेल तर माद्या अधिक. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणीसारख्या किनाऱ्यावर घरट्याजवळ तापमापक पुरून विद्यार्थी वाळूचे तापमान नोंदवू शकतो. वाळू तापली असे दिसले की ‘यंदा माद्या जास्त झाल्या’ हे वाक्य जिभेवर येते. पण पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. मोजले तापमान, सांगितले लिंग. मधला दुवा दुसऱ्यांच्या संशोधनातून घेतलेला आहे आणि तो तसा सांगितला पाहिजे.

यासाठी मांडणीत तीन प्रकारची वाक्ये वेगळी ठेवता येतात: ‘मोजले’, ‘इतरांनी दाखवले आहे’ आणि ‘वाटते’. मराठीत ही क्रियापदे साधी आहेत, कोणत्याही श्रोत्याला त्यांतला फरक कळतो, आणि एकाची जागा दुसऱ्याने घेतली की तो खटकतोही.

७. काय सांगू नये

काही माहिती खरी असूनही सभेत सांगण्याची नसते. वेंगुर्ल्याच्या समुद्रातील दगडी बेटांवर भारतीय पाकोळी लाळेने घरटी बांधते. अशा घरट्यांना परदेशात खाद्य म्हणून किंमत असल्याने ती चोरली गेली आहेत. हूदाचे बीळ, कासवाचे ताजे घरटे, दुर्मीळ वनस्पतीची जागा यांबाबतही तसेच: जीव कसा जगतो ते सांगावे, नेमकी जागा आणि नकाशावरचे अंक अधिकाऱ्यांकडच्या अहवालात राहावेत. कडक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून प्रवाळाचा तुकडा ‘दाखवायला’ आणणे हाच गुन्हा ठरतो. तेथे छायाचित्रच वापरावे.

शब्दांनाही इतिहास असतो. मालवणजवळच्या समुद्रात १३ एप्रिल १९८७ रोजी २९.१२२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि उपजीविकेवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला. प्रवाळावर बोलणाऱ्या विद्यार्थ्याने ‘अभयारण्य’, ‘बंदी’, ‘संरक्षण’ हे शब्द उच्चारले की श्रोत्यांच्या मनात तो इतिहास जागा होतो. प्रवाळाच्या आडोशाला कोणते मासे वाढतात हे सांगणे संशोधनाच्या कक्षेत आहे. मासेमारी कोठे थांबावी हे सांगणे त्या प्रकल्पाच्या कक्षेत नाही. तरीही ‘मगे आमी काय करूचा?’ हा प्रश्न येतोच. त्याला प्रामाणिक उत्तर बहुधा इतकेच असते की या कामातून एवढे कळले, उपाय ठरवायला आणखी काय कळावे लागेल ते असे.

८. बोलणे आणि उत्तर देणे

वाचून दाखवलेला कागद गावच्या सभेत टिकत नाही. दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसते. कथा, पात्र आणि प्रसंग पक्के असतात आणि संवाद रंगमंचावर तयार होतात. समोरच्या नटाने अनपेक्षित वाक्य टाकले तरी तो अडत नाही, कारण कथेचे बंधन त्याने सोडलेले नसते. संशोधन मांडणाऱ्यालाही तेवढीच तयारी लागते: प्रश्न, रीत, मुख्य आकडे आणि मर्यादा पाठ, वाक्ये मोकळी. विद्यार्थी मालवणी बोलणारा असेल तर मालवणीत बोलण्याने काही उणे होत नाही. आकडे सगळ्या बोलींत तेच राहतात.

साधने थोडी आणि हाताला लागतील अशी असावीत: मोजपट्टी, तराजू, लाकडी चौकट, दोन मासे, एक मोठा नकाशा. नकाशावर श्रोत्यांना हात ठेवू द्यावा. नमुन्याची जागा दाखवताना ते विद्यार्थ्याला ठाऊक नसलेल्या खडपाचे नाव सांगतात आणि नकाशा सुधारतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी एकाने फक्त लिहीत बसावे. न आलेल्या उत्तरासाठी ‘पाहून सांगू’ म्हणावे आणि खरोखर पाहून सांगावे.

९. परत देणे

मांडणी सभेबरोबर संपत नाही, कारण माहिती ज्यांच्याकडून आली त्यांच्याकडे ती लेखी रूपात परत जायला हवी. जैविक विविधता कायदा २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि त्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला ही नोंदवही जवळचे आणि कायम घर आहे. दोन पानांचा मराठी सारांश, त्यासोबत मोजणीचा मूळ तक्ता, तारीख, तिथी, जागा, आणि ज्यांनी दाखवले-सांगितले त्यांची त्यांच्या संमतीने नोंद, एवढे तीत जावे. त्याची एकेक प्रत मच्छीमार संस्थेत आणि शाळेच्या ग्रंथालयात असावी.

मूळ तक्ता देण्याचे कारण व्यवहाराचे आहे. एका हंगामाच्या मोजणीवरून तिसऱ्या कमी झाल्या की वाढल्या हे कोणालाच सांगता येत नाही. त्याच पट्ट्यावर, त्याच मापाच्या चौकटी टाकून, त्याच तिथीच्या ओहोटीला पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी मोजले, तर दोन आकडे शेजारी ठेवता येतात. पाच वर्षांनी पाच. त्यासाठी पहिल्यांदा काय केले होते हे नंतर येणाऱ्याला वाचून कळले पाहिजे, आणि चौकटी नेमक्या कोठे टाकल्या होत्या हे दाखवणारे कोणीतरी गावात असले पाहिजे. पहिल्या सभेत नकाशावर हात ठेवणाऱ्यांपैकी कोणीही ते दाखवू शकतो.